करंगळीखालची तार

"थांबा, थांबा, थांबा," म्हणत वहिनींनी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. पियानो गप्प झाला. सॅक्सोफोन मात्र आपल्याच नादात आणखी तीन-चार स्वर पुढे गेला, मग सोबत कोणी नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तोही थांबला.

"भाऊजी, तुम्ही पुन्हा खाली उतरलात."

"उतरलो का?"

"उतरलात. पहिल्या ओळीपासून माझ्या डाव्या हाताच्या अंगावर चालून येताय. वरचं सगळं आभाळ तुम्हाला मोकळं सोडलंय, तिथे काय घालायचा तो धुडगूस घाला. खाली माझं घर आहे."

"घर तुमचंच, वहिनी. मी आपला उंबऱ्याशी उभा असतो."

"उंबऱ्याशी? थेट स्वयंपाकघरात शिरून भांडी वाजवता."

वहिनींच्या डावीकडच्या खुर्चीवर बसलेले दादा खुदकन हसले. वहिनींनी मान न वळवता नुसतं "हं" केलं, तसे ते पुन्हा नोटेशनच्या पानाकडे बघू लागले.

या तिघांना सगळं शहर नात्यानंच ओळखत असे. वहिनी पियानो वाजवत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, सॅक्सोफोन वाजवत. आणि दादा, म्हणजे वहिनींचे यजमान आणि भाऊजींचे थोरले भाऊ, पानं उलटत. दादांचं चष्म्याचं दुकान होतं आणि सुरांशी त्यांचा छत्तीसचा आकडा होता. रोज ऐकलेली धूनही त्यांना दुसऱ्या दिवशी नवीन वाटे. वहिनींची मान किंचित हलली की पान उलटायचं, एवढं एकच त्यांना संगीतातलं येत होतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जाहिरातीवर मात्र 'वहिनी आणि भाऊजी' एवढंच छापलेलं असे. दादांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्या संध्याकाळी कार्यक्रम होता आणि दुपारी तालीम चालली होती. सभागृह म्हणजे एके काळचं लिलावघर. उंच छत, वर गजांच्या खिडक्या, भिंतीवर अजून कुठेकुठे मालाच्या ढिगांचे पुसट आकडे. मंचावर मधोमध मोठा काळा पियानो, झाकण वर टेकवलेलं. मागच्या रांगेत पियानो लावणारा गृहस्थ पाय पसरून चहा पीत बसला होता. सकाळपासून त्यानं एकेक तार सुरात आणली होती आणि आता आपली मेहनत कुठे जाते ते बघत होता.

वहिनी म्हणजे कागदाचं माणूस. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या कुणा संगीतकारानं एखाद्या स्वरावर एक टिंब दिलं असेल, तर ते टिंब त्यांच्या बोटात उमटणारच. लिहिलंय ते, तसंच, तेवढंच. भाऊजींचं सगळं उलट. अर्धा जन्म त्यांनी हॉटेलांत आणि प्रवासी जहाजांवर जॅझ वाजवण्यात घालवला होता. पुढचा स्वर कोणता हे आपल्याला आधीच कळलं तर वाजवायचं कशाला, असं ते म्हणत. एकदा घरातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला वहिनी एक जुनी संथ रचना वाजवत असताना भाऊजींनी मध्येच, न विचारता, सॅक्सोफोन तोंडाला लावला. वहिनी रागावून थांबणार होत्या. त्या थांबल्या नाहीत. त्या रचनेतल्या प्रत्येक ओळीला इतकी वर्षं कोणीतरी उत्तर द्यायचं राहिलं होतं आणि ते आत्ता दिलं जातंय, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून दोघं एकत्र वाजवत आले.

पहिल्यांदा ऐकणारा खुर्चीच्या कडेवर येऊन बसायचा. पियानो आपला शांतपणे, पावलामागून पाऊल टाकत चाललेला, आणि सॅक्सोफोन त्याच्यावरून कुठल्या कुठे निघून गेलेला. आता हा माणूस परत कसा येणार, अशी काळजी वाटावी इतका लांब. आणि मग वहिनींचा डावा हात खालचा स्वर टेकवायचा, त्याच क्षणी भाऊजी बरोबर तिथे असायचे, जणू गेलेच नव्हते. लोक टाळ्या वाजवायचं विसरत. एका बाईंनी वहिनींना बाहेर गाठून म्हटलं होतं, "तुमचा तो डावा हात आहे ना, त्याच्यावर माणसानं डोळे मिटून घर बांधावं." वहिनींनी वरवर हसण्यावारी नेलं होतं. मनात मात्र ते वाक्य जपून ठेवलं होतं.

कारण त्याच डाव्या हातानं मध्यंतरी त्यांना घाबरवलं होतं. मानेतली कुठलीशी नस दबली आणि डाव्या करंगळीतली शक्ती गेली. कपाची दांडी सुटायची, बटण लागायचं नाही. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला. वहिनी तो येता-जाता दाबत राहिल्या, अगदी भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा. हळूहळू घरच्या पियानोवर खालचे स्वर पुन्हा ऐकू येऊ लागले. घरचा पियानो म्हातारा होता, पट्ट्या इतक्या सैल की मांजर चालून गेलं तरी वाजाव्यात. पण इथे, सभागृहातल्या या जड पट्ट्यांच्या पियानोवर, भाऊजींबरोबर पहिल्यांदा बसल्या तेव्हाही करंगळीखालून स्वर गोल, भरदार निघाला. त्या दिवशी घरी जाताना वहिनी रिक्षात रडल्या होत्या. दादांनी खिशातून चष्मा पुसायचा कपडा काढून दिला होता.

तेव्हापासून वहिनींचं सगळं ठीक होतं. बिघडले होते ते भाऊजी. एकतर त्यांनी आपला छोटा सॅक्सोफोन, ज्याच्या आवाजावर त्यांना चार बंदरांतली माणसं ओळखत, तो पेटीत घालून ठेवला आणि हा मोठा, जाड आवाजाचा टेनर गळ्यात अडकवला. वयाला शोभतो, म्हणाले. पट्ट्यानं मान धरायची, तरी हट्ट सोडला नाही. दुसरं म्हणजे, पूर्वी ते पहिलं पान वहिनींना एकटीला वाजवू देत आणि मग हळूच आत येत. आता पहिल्या स्वरापासून हजर. आणि उभे तरी कुठे राहायचे? प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून, पियानोच्या बाकदार कुशीत, सॅक्सोफोनचं तोंड थेट उघड्या झाकणात. तालमीला वहिनी हात मोकळा करायला बसल्या की यांचंही शेजारी काहीतरी सुरू. म्हातारपणी माणसाला हाव सुटते, असं वहिनी दादांना म्हणाल्या होत्या. दादा त्यावर पानं नीट लावत बसले होते.

"आज आपण जुन्यासारखं करू," वहिनी म्हणाल्या. "पहिलं पान मी एकटी. तुम्ही समोर बसून ऐका."

"आज नको, वहिनी. संध्याकाळी कार्यक्रम, आत्ता कशाला नवं खूळ."

"नवं कुठलं? जुनंच आहे. तुम्ही न लिहिलेलं वाजवा, मी लिहिलेलं वाजवते, असं आपलं ठरलं होतं ना? खालचा स्वर लिहिलेला आहे. तो माझा आहे."

"तुमचाच आहे."

"मग बसा खाली."

भाऊजींनी दादांकडे पाहिलं. दादांनी पानाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. भाऊजींनी गळ्यातला पट्टा काढला, सॅक्सोफोन उराशी धरून पायऱ्या उतरले आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर, शिक्षा झालेल्या मुलासारखे, कडेला बसले.

वहिनींनी खांदे सैल सोडले आणि सुरुवात केली.

उजव्या हातानं गाणं उचललं. डाव्या करंगळीनं खालची पट्टी दाबली, पट्टी खाली गेली, आणि काहीच झालं नाही. पाठोपाठचे वरचे स्वर आले, ते मात्र वाजले. पुढच्या मात्रेला करंगळी पुन्हा उतरली. पुन्हा काही नाही. वहिनी वाजवत राहिल्या. गाणं चाललं होतं, पण त्याच्या पायाखाली जमीन नव्हती. सबंध पहिली ओळ अशीच अधांतरी गेली, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्यांनी हात काढून घेतले.

"पियानो बिघडलाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "अहो, जरा इकडे या. खालच्या पट्ट्या मेल्यात सगळ्या."

पियानो लावणारा चहाचा पेला खुर्चीखाली ठेवून लगबगीनं वर आला. त्यानं उभ्या उभ्या तर्जनीनं ती पट्टी दाबली. भरघोस, लांब स्वर सभागृहभर पसरला. त्यानं शेजारची दाबली, तिच्या शेजारची दाबली. सगळ्या बोलल्या.

"ठीक आहेत की, बाई," तो म्हणाला, आणि वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून त्याला आपण बोललो हे चुकलंसं वाटलं.

वहिनींनी करंगळी पुन्हा त्याच पट्टीवर ठेवली. या वेळी बोटाकडे नीट बघत. पट्टी खाली गेली, हळू, पाण्यात बुडाल्यासारखी. आत कुठेतरी हातोडी अर्ध्यावर उठली आणि तारेपर्यंत न पोचताच परत बसली. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याची टीं-टीं ऐकू येत राहिली.

मग वहिनींनी मान वळवली. आधी दादांकडे, मग खाली बसलेल्या भाऊजींकडे.

"तो तुमचा आवाज होता."

भाऊजी सॅक्सोफोनच्या पट्ट्याशी चाळा करत होते.

"विचारतेय मी. इतके दिवस मी जो स्वर ऐकत होते, तो तुमचा होता?"

"थोडाफार."

"कधीपासून?"

"तुम्ही बऱ्या होऊन आलात तेव्हापासून."

"बरी होऊन," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांना स्वतःचाच राग आला. "आणि छोटा सॅक्सोफोन?"

"त्याला इतक्या खाली जाता येत नाही, वहिनी."

हे ऐकून पियानो लावणारा मंचाच्या कडेला सावकाश खाली बसला. त्या धंद्यातला असल्यामुळे त्याला कळत होतं. टेनर सॅक्सोफोनचे तळाचे स्वर म्हणजे बैलाचं हंबरणं. ते मोठ्यानं काढणं कुणालाही जमतं, हळू काढायला गेलं की फाटतात. हा माणूस वर आकाशात गाणं करत होता, आणि प्रत्येक मात्रेला तिथून उडी मारून तळाशी येत होता, इतक्या मऊ पायानं की शेजारी बसलेल्या बाईलाही पाऊल वाजलेलं कळू नये, आणि पुन्हा वर. एक कार्यक्रम सोडला नाही, एक तालीम सोडली नाही. दरवेळी. ज्याला सगळे त्याचं मनमौजी भटकणं समजत होते, त्याच्या पोटात हे चाललं होतं.

वहिनींनाही तेच कळत होतं, एकेक करून. सुरुवातीपासून हजर असणं. हात मोकळा करताना शेजारी चाललेली ती कटकट. पाठ फिरवून उभं राहणं. ज्या ज्या गोष्टीवरून त्या या माणसाला बोलल्या होत्या, ती ती आता समोर येऊन उभी राहत होती. त्यांना रडूही येत होतं आणि दिपल्यासारखंही वाटत होतं. पण आधी आली ती लाज.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"मला कुठलं कळतंय. दादा म्हणाला."

दादांनी चष्मा काढला.

"तुम्ही? तुम्हाला सूर कळतात कुठे?"

"सूर नाही कळत," दादा म्हणाले. "बोट दिसतं. तुझ्या डाव्या बाजूलाच तर बसतो मी."

"त्याचा जन्म गेलाय लोकांच्या नाकावर चष्मा किती घसरतो ते बघण्यात," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी पियानोच्या पट्ट्यांवर लाल मखमलीचा पट्टा अंथरला. तालीम संपल्यावर त्या रोज अंथरत, तसाच, दोन्ही टोकं सारखी करून.

"जाहिरात उतरवायला सांगा," त्या म्हणाल्या. "सांगा, बाईंना बरं नाही. खोटं नाहीये ते."

"वहिनी."

"नाही, भाऊजी. तुम्ही जे केलंत त्याचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही. पण मी तिथे बसून नुसती बोटं हलवणार आणि आवाज तुमचा यायचा, हे मला जमायचं नाही. लोक माझ्या डाव्या हाताचं कौतुक करतात. तो हात मुका आहे. मी फसवतेय त्यांना. आणि मला स्वतःलाही. इतकी वर्षं वाजवून माझ्या कानांना एवढंही कळू नये, पियानो कुठला आणि सॅक्सोफोन कुठला?"

हे शेवटचं त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं. बोट गेलं ते गेलं. कान गेला असेल तर मग आपण कोण उरलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

भाऊजी उठले. पट्टा गळ्यात अडकवत पायऱ्या चढले आणि आपल्या नेहमीच्या जागी, पियानोच्या कुशीत जाऊन उभे राहिले.

"तो मखमलीचा पट्टा काढा."

"कशाला?"

"काढा तर. मग नका वाजवू, मी आग्रह करणार नाही. पाय पेडलवर ठेवू नका. करंगळी ठेवा जिथे ठेवता तिथे. आणि दाबा. जमतंय तेवढंच. वाजायला नको आहे मला."

वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादांनीच मखमल बाजूला केली. करंगळी उतरली, पट्टी निमूटपणे खाली गेली, आवाज नाही.

"तशीच धरून ठेवा."

भाऊजींनी सॅक्सोफोनचं तोंड झाकणाच्या सावलीत नेलं आणि तोच स्वर फुंकला. मऊ, उबदार, फार मोठा नाही. मग एकदम थांबले. फुंकायचं टोक ओठांतून काढलं आणि सॅक्सोफोन बाजूला धरला, सगळ्यांना दिसेल असा.

स्वर थांबला नाही.

तो चालूच होता. बारीक झाला होता, पण स्वच्छ होता, आणि सॅक्सोफोनचा नव्हता. पियानोच्या पोटातून येत होता. पियानो लावणारा झटकन उठून आत वाकला.

"तार हलतेय," तो कुजबुजला. "बाई, तुमची तार हलतेय."

"आता बोट उचला," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी बोट उचललं. स्वर तिथल्या तिथे मिटला.

वरच्या खिडकीत एका कबुतरानं पंख झाडले.

"पुन्हा," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा तेच. करंगळी खाली, फुंकर, फुंकर बंद, आणि तार आपली एकटी गात राहिलेली. करंगळी वर, शांतता. वहिनींनी पट्टी बदलली. भाऊजींनी तो स्वर दिला, ती तार जागी झाली. मग वहिनींनी मुद्दाम एक पट्टी दाबली आणि भाऊजींना भलताच स्वर फुंकायला सांगितला. काही झालं नाही. भाऊजींनी जोर लावला, गाल लाल झाले, तरी पियानो ढिम्म.

"प्रत्येक तारेवर फेल्टची एक गादी बसलेली असते ना," भाऊजी म्हणाले. "तुम्ही पट्टी दाबली की गादी उठते. हातोडी पोचो न पोचो, तार मोकळी होते. बाकी सगळ्यांची तोंडं बंद आणि त्या एकीचं उघडं. मग मी फुंकलं की ती बोलते. तुमचं बोट त्या पट्टीवर नसेल तर मी ऊर फुटेपर्यंत फुंकलं तरी माझा आपला सॅक्सोफोन वाजेल, बाकी काही नाही. पहिल्या दिवशी मी नुसती जागा भरायला गेलो होतो. आणि ऐकतो तर आतून कोणीतरी उत्तर देतंय. मी इतका घाबरलो, वहिनी, की पुढच्या दोन ओळी काय वाजवलं ते मला आजही आठवत नाही."

"मग हे असं पाठ फिरवून..."

"जवळ गेल्याशिवाय तिला ऐकू जात नाही."

वहिनी आपल्या करंगळीकडे बघत होत्या. ते वाकडं, बारीक झालेलं बोट त्यांनी गेली दोन वर्षं रागावून, लाडावून, चेंडूवर रगडून पाहिलं होतं.

"म्हणजे मी ऐकत होते तो पियानोच होता," त्या म्हणाल्या.

"पियानोच. तुमचा कान सोन्याचा आहे. त्याला नावं ठेवू नका."

वहिनींनी पदराचं टोक नाकाला लावलं आणि बऱ्याच वेळानं बाजूला केलं. "आणि हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोटाकडे बघत वाजवलं असतं," भाऊजी म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर सांगवेना. आयुष्यभर वाट्टेल ते वाजवलं मी. कोणी माझी वाट बघत थांबलंय असं कधी झालं नव्हतं. ती तार थांबायची."

दादांनी घसा साफ केला. "मग जाहिरात उतरवायची की नाही? मला तसा निरोप द्यावा लागेल."

"गप्प बसा हो," वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्या पानावर आल्या.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. कडेच्या भिंतींना टेकून माणसं उभी होती. पियानो लावणारा घरी गेला नव्हता, पहिल्या रांगेच्या टोकाला पुढे झुकून बसला होता, आणि शेजारचा काही विचारायला लागला की हातानंच गप्प करत होता.

वहिनींनी सुरुवात केली आणि भाऊजी पहिल्या स्वरापासून सोबत होते. आज त्या त्यांना खाली येताना ऐकत होत्या. वर, लांब, एखादी ओळ भाऊजी मोडत, उलटी करत, तिच्यातून तिसरीच काही काढत, आणि मात्रा येताच अलगद उतरत. करंगळी तिथे आधीच पोचलेली असे. तार बोलायची. इतके दिवस वहिनींना वाटे की पाया आपण घालतोय आणि ते वर खेळताहेत. आता तो पाया घडताना त्यांना ऐकू येत होता, बोट आणि श्वास मिळून, दरवेळी नव्यानं. मान हलवायची आठवण एकदा उशिरा आली. दादा पानाचं टोक धरून थांबले होते.

शेवटचं पान आलं. ही रचना संपते ती एका खालच्या स्वरावर, डाव्या करंगळीनं, तसं लिहिलेलंच आहे. उजव्या हातानं शेवटची ओळ सावकाश खाली आणून ठेवली. भाऊजी वळले, झाकणाजवळ गेले आणि तो शेवटचा स्वर त्यांनी फुंकला.

पियानोतून उत्तर आलं नाही.

भाऊजींनी झाकणाच्या कडेवरून वहिनींकडे पाहिलं. पट्ट्या त्यांना दिसत नव्हत्या, नुसता चेहरा दिसत होता. वहिनी पानाकडे बघत होत्या, सरळ, वर्गात बसल्यासारख्या, आणि ओठांचा एक कोपरा किंचित वर गेला होता. करंगळी खाली होती, पण कागदावर लिहिलेल्या जागी नव्हती. दादांना ते दिसलं. सूर कळत नसले तरी पट्टी त्यांना कळत होती, आणि इतक्या वर्षांत या जागी ती पट्टी त्यांनी कधी दाबलेली पाहिली नव्हती.

क्षणभर भाऊजी थांबले. मग त्यांनी डोळे मिटले आणि शोधायला निघाले. एक स्वर, कान देऊन. नाही. त्याच्या खालचा. नाही. लोकांना ते शोधणं वाटलं नाही. त्यांना ते गाण्याचंच सगळ्यात सुंदर टोक वाटलं, हळूहळू पायऱ्या उतरत जाणारं, प्रत्येक पायरीवर जरा थांबणारं. आणखी एक. आणि तळाशी, अगदी शेवटच्या श्वासावर, ती तार बोलली.

भाऊजींनी सॅक्सोफोन ओठांपासून काढला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. स्वर चालूच होता, एवढ्या मोठ्या सभागृहात एवढासा, आणि सगळे तो ऐकत होते. पियानो लावणाऱ्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते.

दादांचा हात सवयीनं पानाच्या कोपऱ्याकडे गेला. पुढे उलटायला पान नव्हतं. तरी ते टोक धरून, वहिनींच्या मानेकडे बघत बसले.

मान हलली नाही. वहिनींनी बोट अजून उचललं नव्हतं.